अळीची नोंद वेळेवर हवी

जूचंद्र-नायगांव बाजूस भाताची कापणी झाली, कीं खाचरांतील उरल्या ओलीवर वाल घेण्याची चाल जुनी आहे. इमारतींच्या रेट्यांत खाचरें कमी होत चाललीं. म्हणूनच जीं राहिलीं आहेत, त्यांतील पीक अळीच्या तोंडीं जाणें अधिकच जिव्हारीं लागतें.

महसुली दप्तरांत हयात घालविल्यामुळें आम्हांस एक उणीव स्पष्ट दिसते. गांव नमुना बारामध्यें पीक कोणतें व क्षेत्र किती, हें लिहिलें जातें. सन २०२१ पासून खातेदार स्वतःच ई-पीक पाहणींत तें भरूं लागला. परंतु पानांवर अळी कोणत्या आठवड्यांत दिसली, यास रकाना नाहीं. पंचनामा होतो तो नुकसान झाल्यावर. तोंवर अळी मातींत शिरून कोषांत गेलेली असते!

पानें खाणाऱ्या स्पोडोप्टेरा अळीची मादी पानाखालीं पुंजक्यानें दोन-तीनशें अंडीं घालते. तीन ते पांच दिवसांनीं निघालेल्या अळ्या प्रथम एकत्र राहून हिरवा भाग खरवडतात व पान जाळीदार होतें. तेंच पान तोडून नष्ट केलें, तर एका हातासरशीं शेंकडों अळ्या जातात. पुढें त्या शेतभर पांगतात, दिवसा ढेकळांखालीं दडतात व रात्रीं खातात. मग फवारणीचा पैसा बहुधा वायां जातो.

सन २००८ च्या खरिपांत विदर्भांतील सोयाबीनवर या अळीनें हाहाकार केला, तेव्हां २००९-१० पासून शासनानें कीड-रोग सर्वेक्षणाचा क्रॉपसॅप प्रकल्प काढला. सोयाबीन, कापूस, भात, तूर, हरभरा हीं मोठीं पिकें त्याच्या नजरेखालीं आलीं. कोंपऱ्यांतील वालाची राखण मात्र ज्याची त्यानेंच केली पाहिजे.

सबब आमची सूचना अशी कीं, सभासदांनीं गांवोगांव एक वही ठेवावी. दर आठवड्यास शेताचे चार कोंपरे व मध्य येथील पांच-पांच झाडें उलटून पाहावीं. पुंजके, जाळीदार पानें, अळ्या व आभाळाची स्थिति लिहावी. एकरीं दोन कामगंध सापळे लावावे. अळी लहान असतांनाच पांच टक्के निंबोळी अर्क फवारावा.

कोणी म्हणेल, एवढ्याशा वालासाठीं वही कशाला? शेत लहान म्हणून सारा लिहावयाचा राहिला, असें आम्हीं तरी कधीं पाहिलें नाहीं. दोन-तीन हंगामांच्या वह्या शेजारीं ठेवल्या, म्हणजे कोणत्या पंधरवड्यांत सावध राहावें, हें आपलें आपणांसच कळेल.