मुलगा रडत नाही, म्हणजे बरा आहे?

‘लहान आहे, त्याला काय कळतंय? मोठा झाला की विसरेल.’ घरात भांडणं झाली, बापाने हात उगारला, आई अंथरुणाला खिळली, की आपल्याकडे हे वाक्य हमखास ऐकू येतं. त्यातून मुलगा असेल तर बघायलाच नको! मला हे वाक्य पहिल्यापासून खटकतं. त्याला रुमानियातला एक अभ्यास भक्कम आधार देतो.

चाउशेस्कूच्या राजवटीने तिथे १९६६ मध्ये गर्भपातावर जवळजवळ बंदी आणली. संततिनियमनाची साधनंही मिळेनाशी झाली. का, तर देशाची लोकसंख्या वाढवायची! बायकांना विचारतंय कोण? न परवडणारी मुलं सरकारी अनाथालयांत जाऊन पडली. १९८९ मध्ये राजवट कोसळली तेव्हा अशी सुमारे एक लाख सत्तर हजार मुलं होती. खायला मिळायचं, पण कुशीत घेणारं, बोलणारं हक्काचं माणूस नव्हतं.

चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या अमेरिकन संशोधकांनी बुखारेस्टमधल्या अशा १३६ बाळांचा अभ्यास केला. चिठ्ठ्या टाकून निम्मी बाळं पालक-कुटुंबांत दिली, उरलेली होती तिथेच राहिली. साडेचार वर्षांची झाल्यावर सगळ्यांची तपासणी झाली. घर मिळालेल्यांमध्ये चिंता आणि नैराश्य कमी होतं. पण मुलींचं दुखणं जितकं हलकं झालं, तितकं मुलग्यांचं झालं नाही. त्यांच्या एकूण त्रासात घर मिळूनही फरक पडला नव्हता. पुढे २०१२ मध्ये यामागचा एक दुवा सापडला : नव्या आईशी विश्वासाचं नातं मुलींना अधिक जोडता आलं होतं, आणि त्या नात्यानेच त्यांना सावरलं होतं.

मेंदूतही असा फरक दिसतो. शरीराच्या आणि मनाच्या संवेदनांची नोंद घेणारा ‘इन्सुला’ नावाचा भाग मेंदूत असतो. मोठ्या आघाताची लक्षणं असलेल्या ९ ते १७ वर्षांच्या मुलामुलींचा अभ्यास स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. या भागाचा एक तुकडा आघात झालेल्या मुलींमध्ये इतर मुलींपेक्षा लहान होता, तर मुलग्यांमध्ये इतर मुलग्यांपेक्षा मोठा!

म्हणून ‘मुली चिवट, मुलगे नाजूक’ असा नवा शिक्का मारू नका हं. हे आकडे सरासरीचे आहेत आणि स्टॅनफर्डच्या अभ्यासात मुलं जेमतेम साठ होती. शिवाय वयात आल्यावर नैराश्य मुलींमध्ये मुलग्यांच्या साधारण दुप्पट आढळतं. शरीराचा भाग किती आणि ‘बायकांसारखा रडतोस काय’ या वाढवण्याचा किती, हे वेगळं काढणंही सोपं नाही.

आपल्याकडचं चित्र काय? केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये तेरा राज्यांतल्या, त्यात महाराष्ट्र आणि गोवाही आले, बारा हजारांवर मुलांचा अहवाल काढला. निम्म्याहून जास्त मुलांनी लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं, आणि त्यांत मुलगे मुलींपेक्षा थोडे जास्तच होते. २०१२ च्या पोक्सो कायद्याने दोघांनाही सारखंच संरक्षण दिलं. पण घरात आपण अजूनही फक्त मुलीला जपतो.

खरा प्रश्न मदत कुणापर्यंत पोहोचते, हा आहे. घुसमट होऊन मारामाऱ्या करणारा मुलगा ‘वांड’ ठरतो आणि मार खातो. तितकीच घुसमटलेली मुलगी गप्प बसते आणि ‘गुणी’ म्हणून तिचं कौतुक होतं. दुखणं दोघांचंही तसंच राहतं. तेव्हा मैत्रिणींनो, शाळेतून तक्रार आली की हात उगारण्याआधी ‘काय झालंय रे?’ एवढं विचारू या. आणि जिची तक्रार कधीच येत नाही, तिलाही.