विल्सनची साक्ष

अर्नेस्ट हेमिंग्वेच्या 'द शॉर्ट हॅपी लाइफ ऑफ फ्रान्सिस मॅकोंबर' (१९३६) या आफ्रिकेतील कथेचे रूढ आकलन शिकारी विल्सनच्या साक्षीवर उभे आहे: भेकड नवरा अखेर शूर झाला आणि म्हणूनच बायकोने त्याला जाणूनबुजून मारले. ही साक्ष हितसंबंधी आहे. मोटारीतून रानरेड्यांचा पाठलाग करणे नियमबाह्य होते. मार्गोने ते पाहिले असल्याने विल्सनचा परवानाच तिच्या हाती होता. खुनाचा आळ घेतला की तिचे तोंड आपोआप बंद होते. निवेदक मात्र तिने रेड्यावर गोळी झाडली असे स्पष्ट सांगतो. निवेदकाला डावलून एका पात्राला न्यायासनावर बसवणारी समीक्षा शिकाऱ्याच्या आचारसंहितेपुढे लोटांगण घालते.

ही संहिताच मुळात तपासली पाहिजे. जखमी सिंहापुढून पळणे म्हणजे भ्याडपणा, हे समीकरण हौसेने जंगलात आलेल्यांचे आहे. चंद्रपूर-गडचिरोलीत मोहफुले वेचायला गेलेली बाई वाघाची चाहूल लागताच मागे फिरते, हे शहाणपणच होय. चुलीसाठी ती पुन्हा त्याच वाटेने जाते. तिच्या धैर्याला प्रेक्षक लागत नाही. मॅकोंबरच्या पौरुषाला मात्र बायकोची नजर साक्षीदार म्हणून हवी असते. त्या दांपत्यातील ताण या गरजेतून चिघळतो. मार्गो क्रूर आहे, व्यभिचारीही आहे. परंतु क्रौर्य हा खुनाचा पुरावा ठरत नाही.