तक्ता एकच ठेवा, हिशेबासकट

अलिबागजवळच्या थळसारख्या किनाऱ्यांवर उतरणाऱ्या मासळीचा हिशेब दोन ठिकाणी होतो. राज्याचा मत्स्यव्यवसाय विभाग मत्स्य उत्पादन अहवाल काढतो, तर कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था नमुना पाहणीवरून अंदाज बांधते. पद्धती वेगळ्या, तेव्हा आकडे वेगळे आले तर बिघडत नाही. बिघडते पुढे. तक्ता पीडीएफमध्ये येतो, कोणीतरी तो एक्सेलमध्ये पुन्हा टंकतो, तिथून तो टिपणीत आणि टिपणीतून बातमीत जातो. मूळ आकडा दुरुस्त झाला तरी या नकला जुन्याच राहतात.

तक्त्यासोबत हिशेब का हवा, याचा दाखला थळच्या शेजारीच आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली अलिबागला हलवायला घेतली. १९०६पर्यंत दोन्हीकडे समांतर नोंदी ठेवल्या, म्हणून जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता आली. नानाभाई मूस यांनी कुलाब्याच्या नोंदी १९१०मध्ये छापल्या. सप्टेंबर १८५९च्या सौरवादळाच्या कुलाब्यातील नोंदींवरून २००३ साली संशोधकांनी चुंबकीय क्षेत्रातली घट सुमारे १६०० नॅनोटेस्ला धरली. २००६मध्ये दुसऱ्या गटाने त्याच नोंदींची तासाची सरासरी काढली, तेव्हा वादळाची तीव्रता ८५० नॅनोटेस्लाच्या आसपास आली. लबाडी कोणीच केली नाही. फरक सरासरी घेण्याचा. नुसता शेवटचा आकडा हाती आला असता, तर हा वाद घालताही आला नसता.

जुन्या राहणाऱ्या नकला आणि हरवणारा हिशेब, या दोन्हींवरचा उपाय जुनाच आहे. अहवाल साध्या मजकुराच्या फाइलीत लिहायचा आणि आकडेमोडीचा कोड त्यातच ठेवायचा. खगोलशास्त्रज्ञ कार्स्टन डोमिनिक यांनी २००३ साली सुरू केलेल्या ऑर्ग-मोड या साध्या मजकुरावर चालणाऱ्या साधनात तक्त्याला नाव देता येते आणि दुसरी फाइल त्या नावाने तोच तक्ता मागवू शकते. नक्कल करावी लागत नाही. तालुक्याचे टिपण आणि जिल्ह्याचा अहवाल एकाच तक्त्यावर उभे राहतात.

कारकुनाला कोड येत नाही, हा आक्षेप खरा आहे. पण त्याने तक्ता भरायचा. कोड एकदाच कोणीतरी लिहायचा. एक्सेलमधली सूत्रे तरी सगळ्यांना कुठे येतात? अधिक वजनदार आक्षेप दुसरा : मूळ तक्त्यात कोणी गुपचूप फेरफार केला, तर सगळेच अहवाल एका रात्रीत बदलतील. म्हणून प्रकाशित अहवालाने तक्त्याची तारीखवार गोठवलेली प्रतच वापरावी आणि पुढचे बदल उघड नोंदवावेत. साध्या मजकुरात दोन प्रतींमधला फरक ओळीओळीने दिसतो, पीडीएफमध्ये तो डोळ्यांनी शोधत बसावे लागते. होडीमालकांची नावे आणि खातेक्रमांक अर्थातच या फाइलीत नकोत. किनारा, महिना, मासळीची जात आणि वजन एवढे पुरे. मत्स्य विभागाने पुढचा अहवाल काढताना पीडीएफसोबत ही फाइलही संकेतस्थळावर ठेवावी.