पहिली बाई, एवढीच ओळख?

दरवर्षी २८ फेब्रुवारीला शाळाशाळांतून विज्ञान दिन साजरा होतो. १९२८ साली त्या दिवशी सी. व्ही. रामन यांनी लावलेल्या शोधाची ही आठवण. आमच्या छत्रपती संभाजीनगरातल्या एका शाळेत त्यानिमित्त मी मुलींशी बोलायला गेले होते. भिंतीवर तक्ते लावलेले. न्यूटन – गुरुत्वाकर्षण. फ्लेमिंग – पेनिसिलीन. रामन – रामन परिणाम. बाई एकच, मेरी क्यूरी. तिच्याखाली रेडियम नाही, पोलोनियम नाही. फक्त 'नोबेल मिळवणारी पहिली स्त्री'.

पुरुषाची ओळख त्याच्या शोधाने, बाईची ओळख ती बाई असण्याने!

'कमला सोहोनी कोण?' मी विचारलं. मुली गप्प. एक शिक्षिका म्हणाल्या, 'दुर्गा भागवतांच्या बहीण ना?' हो, बहीण. पण हे उत्तरसुद्धा नात्याचंच झालं. त्यांनी केलं काय?

१९३३ साली कमला भागवत मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी.ला पहिल्या आल्या. वडील आणि काका बंगलोरच्या टाटांच्या विज्ञान संस्थेत शिकलेले, म्हणून त्यांनीही तिथेच अर्ज केला. संस्थेचे संचालक होते रामन. त्यांनी अर्ज नाकारला, कारण अर्जदार मुलगी होती. कमलाबाई बंगलोरला जाऊन धडकल्या, जाब विचारला, सत्याग्रहाची तयारी दाखवली. मग प्रवेश मिळाला, पण अटी घालून. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी मानणार नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्रीसुद्धा, काम करावं लागेल. आणि तुमच्यामुळे प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये. म्हणजे पुरुषांचं लक्ष विचलित झालं, तर त्याचाही दोष बाईचाच!

त्या अटी पाळून त्यांनी दूध आणि डाळींतल्या प्रथिनांवर काम केलं. पुढे केंब्रिजला बटाट्यावर संशोधन करताना त्यांना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी सापडलं. पेशींच्या श्वसनात हे द्रव्य महत्त्वाचं असतं. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. परत आल्यावर त्यांनी आपल्याच ताटातलं अन्न तपासलं. कडधान्यांत प्रथिनांच्या पचनाला अडथळा आणणारं काय असतं, कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायांना नीरेचा उपयोग कसा होतो, हे त्यांनी अभ्यासलं. नीरेवरच्या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. अंगणवाडीत रोज कुपोषणाशी झगडणाऱ्या आम्हा कार्यकर्त्यांना हे नाव माहीत नसावं, ही आमचीही लाज आहे.

काही जण म्हणतील, 'तो काळच तसा होता. एवढ्या मोठ्या माणसाच्या चुका कशाला उगाळायच्या?' पण त्याच काळात, त्याच देशात, कमलाबाईंच्या वडलांनी आणि काकांनी मुलीला पाठिंबा दिलाच ना? आणि पुढे केंब्रिजमध्ये फ्रेडरिक हॉपकिन्स या नोबेलविजेत्यानेही तिला जागा दिलीच ना? तेव्हा दोष काळावर ढकलून चालणार नाही. रामन यांचा शोध मोठाच आहे. तो शिकवाच. पण ज्या हाताने प्रकाशाचं कोडं सोडवलं, त्याच हाताने दार बंद केलं, हेही शिकवा. त्याने शोध लहान होत नाही, मुली मात्र शहाण्या होतात.

आणि अटी १९३३ सालीच संपल्या का? मुकुंदवाडीतली एक मुलगी दहावीला विज्ञानात उत्तम गुण मिळवून अकरावीला सायन्सला गेली. प्रॅक्टिकल संपायला संध्याकाळ व्हायची. कॉलेज म्हणे, प्रॅक्टिकल बुडवलं तर परीक्षेला बसू देणार नाही. घरचे म्हणत, दिवे लागायच्या आत घरात पाहिजेस. कमलाबाईंना अट होती रात्री थांबण्याची, हिला अट न थांबण्याची. अटी उलट्या, पण घालणारे तेच आणि पाळणारीही तीच. मी चार वेळा तिच्या घरी गेले. उपयोग झाला नाही. ती आर्ट्सला गेली, आणि आता स्थळं बघताहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठरा वर्षांच्या आत झालेलं आढळलं. त्यांतल्या कितीजणी प्रयोगशाळेच्या दारातून परत फिरल्या असतील, याची नोंद कोण ठेवतं?

म्हणून मैत्रिणींनो, येत्या विज्ञान दिनाला आपापल्या शाळेत जा. तक्त्यावर कमला सोहोनींचं नाव लावा, आणि नावाखाली 'पहिली स्त्री' न लिहिता 'वनस्पतींतलं सायटोक्रोम सी' असं लिहा. कॉलेजच्या प्राचार्यांना भेटून मुलींची प्रॅक्टिकल्स दिवसा ठेवायला सांगा, संध्याकाळी असतील तर बसची सोय मागा. आणि आईबापांशी भांडायची वेळ आली, तर मुलीला एकटं सोडू नका.

त्या मुलीची धाकटी बहीण यंदा दहावीला आहे. तिलाही सायन्सलाच जायचंय.