तपासणी कागदाची की कसबाची?

रजनीशकुमार पांडे यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये निर्णय दिला आणि सर्वसाधारण शाळांतूनही विशेष शिक्षकांची कायम पदे निर्माण करण्यास बजावले. पुढे २०२२ मध्ये केंद्र शासनाने प्रमाणही ठरवून दिले: प्राथमिक वर्गांत दहा दिव्यांग मुलांमागे एक शिक्षक व उच्च प्राथमिक वर्गांत पंधरांमागे एक. पदे आली की ती भरावी लागतात, आणि भरावयाची तर पदवीधर हवेत. ते तयार करण्याचे काम विद्यापीठांच्या विशेष शिक्षण विभागांकडे येते. म्हणूनच या विभागांची झडती घेण्याची हीच वेळ आहे.

प्रस्तुत लेखक केंद्र सरकारच्या एका कार्यालयात कारकुनी करतो. शिक्षणशास्त्रातील अधिकार त्याच्यापाशी नाही. परंतु तपासणी कशी उरकली जाते, हे त्याला पुरते ठाऊक आहे. खोल्या मोजाव्यात, प्राध्यापकांच्या पदव्या पाहाव्यात, ग्रंथालयातील पुस्तकांची यादी मागवावी, सह्या झालेल्या पाठटिपणांची चळत चाळावी आणि शेवटी ‘समाधानकारक’ असा शेरा मारावा. भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असल्याशिवाय असा अभ्यासक्रम चालवता येत नाही, हे योग्यच आहे. पण मान्यता ही उंबरठ्याची परवानगी होय. आत काय शिजते याचा तो दाखला नव्हे.

आत काय शिजावयास हवे? अंध मुलाला गणित शिकवणाऱ्याच्या बोटांना ब्रेल आणि टेलर फ्रेम सरावाची हवी. बहिऱ्या मुलाच्या शिक्षकाला खुणांच्या भाषेत नुसते शब्द दाखवता येऊन भागत नाही. गोष्ट सांगता आली पाहिजे, रागावता आणि थट्टाही करता आली पाहिजे. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला सदरा घालण्यास शिकवावयाचे, तर त्या एका कृतीचे दहा-बारा टप्पे पाडून प्रत्येक टप्प्यावर थांबण्याचा धीर हवा. ही सारी कसबे आहेत. तीन तासांच्या लेखी उत्तरपत्रिकेत ती दिसत नाहीत.

दुसरी विसंगती याहून मोठी आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते; २०१६ च्या कायद्याने ते एकवीस केले. बी.एड. विशेष शिक्षणाचा विद्यार्थी मात्र बहुधा एकाच प्रकारात पारंगत होतो. श्रवणदोषाची पदवी घेऊन तो सर्वसाधारण शाळेत रुजू होतो, आणि समोर येतात एक स्वमग्न मुलगा, एक अंशतः अंध मुलगी व अक्षरे उलटसुलट वाचणारी चार पोरे. पलीकडच्या वर्गातील साध्या बी.एड. शिक्षकाचा नियामक वेगळा, अभ्यासक्रम वेगळा. दोन्ही परिषदांच्या अभ्यासक्रमांत मेळ घालावा, असे २०२० च्या शैक्षणिक धोरणाने सांगितले आहे. तो मेळ विद्यापीठाच्या एकाच इमारतीतील दोन विभागांनी घालू नये, तर कोणी घालावा?

यावर जाणत्यांचे उत्तर ठरलेले असते: “आधी संख्या भरू द्या, दर्जाचे मग पाहू.” हा युक्तिवाद रस्त्याच्या बाबतीत कदाचित चालेल, खड्डा पुढच्या वर्षी बुजवता येतो. जन्मतः बहिऱ्या मुलाला पहिल्या काही वर्षांत खुणांची वा बोलीची कोणतीच भाषा मिळाली नाही, तर ती उणीव पुढे भरून काढणे महाकठीण. त्याच्यासाठी ‘मग’ नावाचा काळ उगवत नाही. अर्धवट तयार झालेला शिक्षक त्या पदावर बसला की कागदोपत्री गरज भागते, आणि मागणी करणाऱ्या बापाचे तोंडही बंद होते.

आपणा बदलीच्या नोकरदारांना याची झळ अधिक लागते. दिव्यांग मुलाचा सांभाळ करणाऱ्या कर्मचाऱ्याला नेहमीच्या बदलीतून वगळावे, असे आदेश कार्मिक विभागाने ८ जून नव्हे, ६ जून २०१४ रोजी काढले. पण प्रशासकीय अडचणीची पुस्ती त्यांना आहेच. भारती ब्रेलमध्ये ‘क’चे ठिपके मराठीत, बंगालीत, तमिळमध्ये सारखेच, राज्याची सीमा ओलांडून ते बदलत नाहीत. बदलतो तो शिक्षक आणि बदलते ती वर्गाची भाषा. घरी मराठी ऐकणाऱ्या स्वमग्न मुलाला भोपाळात किंवा हैदराबादेत कसे शिकवावे, हे शिक्षकाला पदवीच्या काळातच शिकवले पाहिजे. आपले सेवापुस्तक आपल्यामागोमाग येते. तशी मुलाची वैयक्तिक शिक्षण योजनाही, परक्या शाळेतील शिक्षकाला उलगडेल अशी, लिहिण्याचा सराव त्याला हवा.

तेव्हा विद्यापीठांकडे मागणे एवढेच. पुनरावलोकनाची समिती सभागृहात न बसता शाळेत बसावी आणि दोन वर्षांपूर्वीचे पदवीधर आज वर्गात काय करतात ते पाहावे. सराव पाठांच्या संख्येवर न मोजता त्याच मुलांबरोबर वर्षभर काढलेल्या दिवसांवर मोजावा. समितीवर दिव्यांग व्यक्ती व पालक असावेत, आणि खुणांची भाषा शक्यतो बहिऱ्या शिक्षकानेच शिकवावी. दिव्यांग शिक्षक नेमण्याची आज्ञा २०१६ च्या कायद्यातच आहे. प्रत्येक विशेष शिक्षकाला एका प्रकारात प्रावीण्य आणि इतरांत कामापुरती गती असावी. यास पैसा थोडा लागेल, लाज अधिक सोडावी लागेल. कारण ‘समाधानकारक’ हा शेरा अनेक ठिकाणी मागे घ्यावा लागेल. तो घेतला जावा.