नोटीस कुणी कुणाला द्यायची?

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मोहगाव. २०१९ साली तिथल्या ग्रामसभेनं स्वतःची शाळा काढली. पोरं गोंडीतून शिकतात. मराठी, इंग्रजीही आहे. २०२२ मध्ये शिक्षण खात्याची नोटीस आली: मान्यता नाही, शाळा बंद करा. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं.

शिक्षण हक्क कायद्याचं १८वं कलम विनामान्यता शाळेला लाखापर्यंत दंड सांगतं. त्याच कायद्याचं २९वं कलम म्हणतं, शक्य तिथवर मुलांना मातृभाषेतून शिकवावं. खातं बहुधा तितकी पानं उलटेपर्यंत दमलं असावं. घटनेच्या अनुच्छेद ३५० अ नं तर १९५६ पासून भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण देण्याची सोय राज्यावर टाकली आहे.

सरकारनं भाषेवर बंदी कुठे घातली, असं काही जण विचारतात. बंदीची गरजच पडली नाही. पहिलीतल्या पोराला गुरुजींचं कळत नाही, गुरुजींना पोराचं. ते गप्प बसतं, ‘कच्चा’ असा शेरा पडतो. मग एक तर शाळा सुटते, नाहीतर मराठी येते आणि चारचौघांत गोंडी बोलायची लाज वाटू लागते. हे सगळं सरकारी पगारावर, सरकारी पुस्तकांतून झालं. भरपाईही त्याच तिजोरीतून व्हायला हवी. आदिवासी महोत्सवात ढोल वाजवून ती होत नाही.

२०११च्या जनगणनेत गोंडी बोलणारे तीस लाखांच्या घरात होते. बोडो त्याच्या निम्मे, पण बोडो २००३च्या घटनादुरुस्तीनं आठव्या अनुसूचीत गेली. गोंडी अनेक राज्यांत विखुरलेली, म्हणून कुणाचीच नाही. बुलढाण्यात जळगाव जामोदकडे बोलल्या जाणाऱ्या निहालीची गत आणखी वाईट. जगातल्या कुठल्याच भाषेशी तिचं नातं सिद्ध झालेलं नाही, बोलणारे जेमतेम दोनेक हजार. आणि जनगणना दहा हजारांखालच्या भाषांची नावंही छापत नाही.

२०२४ मध्ये मराठी अभिजात झाली तेव्हा आपण पेढे वाटले. मीही खाल्ला. पण मोहगावच्या शाळेला मान्यता, भरतीत गोंडी बोलणाऱ्या तरुणांना जागा, पहिली-दुसरीची पुस्तकं, हे मुंबईतूनच होऊ शकतं. त्याला दिल्ली लागत नाही. आधी लिपी ठरू द्या, प्रमाण बोली ठरू द्या, असं सांगणारे अधिकारी भेटतात. मराठी शुद्धलेखनाचे सरकारमान्य नियम १९६२ सालचे. तोवर काय मराठी शाळांना कुलूप होतं?