आधी काठावर बसा, मग पाण्यात उतरा

"बघत काय बसलास? मार फेऱ्या!" हे फर्मान प्रत्येक फौजीने ऐकलंय. मला ते साफ नामंजूर आहे.

सध्या पोस्टिंग बेळ्ळंदूरला. इथलं तळं फेसासाठी बदनाम. 2018च्या जानेवारीत त्याच्या काठाला आग लागली, तेव्हा विझवायला आपलेच जवान धावले. पोहायचं ते तरणतलावातच. फ्रीस्टाइलमध्ये दम कमी पडतो म्हणून मी दोन वर्षं फेऱ्याच वाढवत होतो. इथे एका शाळकरी मुलीचं पोहणं काठावरून पाहिलं. तिचं डोकं वर येतच नव्हतं. श्वास घ्यायला अंगाबरोबर तोंड बाजूला वळायचं, श्वास सुटायचा पाण्यातच. कोपर उंच, कोपरापुढचा हात वल्ह्यासारखा. मी मान उचलायचो, म्हणून कंबर बुडायची. चूक दमाची नव्हती, मानेची होती.

"फौजीला ताकद पुरते," म्हणणाऱ्यांनी इस्लामपूरकडचे आपले मुरलीकांत पेटकर आठवावेत. ईएमईचे जवान, 1965च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले. 1972ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत पोहून त्यांनी विश्वविक्रमासह सुवर्ण जिंकलं. पायांची साथ नसताना! नुसते पाय झोडपणाऱ्यांनी यावर विचार करावा.

उस्ताद, रगडा जरूर द्या. पण आधी दहा मिनिटं रंगरुटाला चांगला पोहणारा दाखवा. एका दिवशी एकच गोष्ट: आज श्वास, उद्या कोपर. पाण्याला बिचकणारं पोरगं भित्रं नसतं. त्याला कुणी नीट दाखवलेलंच नसतं.